साध्या काचेचे छप्पन्न चष्मे

बुधवारी दुपारी बलभीम सर पाचवीच्या पोरांना भिंग शिकवत होते. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, तरी नळदुर्गात हायवेलगतच्या वस्तीवरल्या शाळेत ते रोज जेवणाच्या सुट्टीनंतर हजर असायचे. पगार नाही, हजेरीपट नाही. एखादी गोष्ट समजली की पोराच्या तोंडावर जो उजेड पडतो, तो बघायला मिळावा एवढीच त्यांची हाव.

"भिंगाला नंबर आहे की नाही, हे कुणाला विचारायचं?" सरांनी विचारलं.

"डॉक्टरला!"

"डॉक्टर सोलापुरात. आपण अक्षराला विचारू."

त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि स्वतःचा चष्मा काढून त्याच्यावर वीतभर उंच धरला. चष्मा डावीकडं सरकवला, तर काचेतलं अक्षर उजवीकडं गेलं. पोरं ओरडली, "उलटं पळालं, सर!" मग समर्थचा चष्मा घेतला. त्याच्या वडलांनी तो सोलापुरातनं करून आणला होता. त्यातलं अक्षर बारीक झालं आणि चष्मा जाईल तिकडं चाललं. "हे करडावानी मागं मागं येतंय," समर्थ म्हणाला. सर खूश झाले. गेल्या कित्येक वर्षांत इतकी चांगली उपमा कुणी दिली नव्हती.

"हुमेरा, आता तुझा दे."

हुमेरानं गुलाबी फ्रेमचा चष्मा दोन्ही हातांनी काढून दिला. सरांनी तो डावीकडं सरकवला. अक्षर जागच्या जागी. उजवीकडं सरकवला. तरी जागच्या जागी.

"सर, हिच्यातलं अक्षर हलतच न्हाय," समर्थ म्हणाला. "मेलंय बहुतेक."

पोरं हसली. सरांनी रुमालानं काच पुसली, पुन्हा धरली, पुन्हा सरकवली. वर्गात आणखी दोघांकडं तसलेच चष्मे होते. तेही मागून घेतले. तिन्ही चष्म्यांतनं अक्षर मोठं होईना, बारीक होईना, हलेना. खिडकीला असते तसली नुसती काच होती.

सरांनी चष्मे खाली ठेवले.

"हुमेरा, ह्यातनं फळा दिसतो तुला?"

तिनं मान खाली घातली.

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"न्हाय दिसत, सर."

"मग वर्षभर हा घालून का बसलीस, बाळा?"

"तुमीच म्हणलाव की, झोपताना सोडून कधी काढायचा न्हाय." ती अडखळत बोलली. "मला वाटलं, चष्मा लागायला टायम लागतो. दवा लागायला लागतो तसा."

तो चष्मा सरांनीच तिच्या डोळ्यांवर चढवला होता. गेल्या फेब्रुवारीत, सेवामित्र क्लबच्या व्यासपीठावर, टाळ्यांच्या कडकडाटात. क्लब त्यांचाच होता. त्यांनी आणि आणखी अकरा जणांनी त्र्याण्णवच्या भूकंपानंतर दोन वर्षांनी तो काढला होता. लोहाऱ्याकडं पत्रे आणि घोंगड्या वाटत हिंडलेली ती माणसं होती. काम संपलं तरी हात गप्प बसेनात, म्हणून क्लब. पहिली काही वर्षं निधी कसा जमवला? खंडोबाच्या यात्रेत चपला सांभाळून. वकील, डॉक्टर, मास्तर मांडवात खाली बसायचे, लोकांच्या चिखलाच्या चपलांना चिठ्ठ्या बांधायचे आणि शेजारी एक डबा ठेवायचे. त्या डब्यातनं हायवेवरच्या ट्रक ड्रायव्हरांसाठी डोळे तपासणीचं पहिलं शिबिर झालं. रातांधळा ड्रायव्हर सापडला की सर स्वतः त्याच्या मालकाला फोन करायचे.

पुढं क्लब मोठा झाला. चपलांचा मांडव गेला. दांडिया आला, स्मरणिका आली, प्रायोजक आले. दर एक जुलैला नवा अध्यक्ष आणि अध्यक्षागणिक नवा प्रकल्प. एकाचं पाण्याचं वर्ष, दुसऱ्याचं सायकलींचं, तिसऱ्याचं झाडांचं. मागच्याचं पाण्याचं मशीन बंद पडलं तर नव्यानं ते दुरुस्त करायचं नाही, अशी चालच पडली. त्याच्यावर नाव मागच्याचं, मग ह्यानं हात कशाला घालायचा? शाळेच्या व्हरांड्यात तीन मशीनं उभी होती. तिन्हींवर संगमरवरी पाट्या, आणि पोरं माठातलं पाणी पीत होती. सरांना हे दिसत नव्हतं असं नाही. एखादं मशीन बंद पडलं म्हणून संस्था मोडत नाही, असं ते स्वतःची समजूत घालत आले होते. गेल्या वर्षी अध्यक्ष रणधीर होता. डोळ्यांचं वर्ष.

त्या रात्री जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. "काय झालं?" अयोध्याबाईंनी, त्यांच्या बायकोनं विचारलं.

"मी त्या हुमेराला उभं केलं होतं गं," सर म्हणाले. "आषाढात. फळ्यावरचं चुकीचं उतरवलं म्हणून. पुस्तकातलं वाचतेस आणि फळ्यावरचं दिसत नाही? डोळ्यांवर चष्मा आहे आणि नाटकं करतेस? असं म्हणालो. तास संपेपर्यंत भिंतीशी उभी होती. चाळीस वर्षं शिकवलं मी. जवळचं दिसतं, लांबचं दिसत नाही, एवढ्यावरनं मी कुठल्याही पोराचे डोळे ओळखले असते. पण नाकावर चष्मा बघितला आणि माझंच डोकं बंद पडलं."

एवढ्यावर भागलं नव्हतं. पोरीचं अभ्यासात लक्ष नाही, असं सरांनीच तिच्या आजोबांना, पाशामियाँना सांगितलं होतं. पाशामियाँनी ते मनावर घेतलं. पोरीला शाळेतनं काढून अक्कलकोटला तिच्या फुफीकडं, म्हणजे आत्याकडं, शिलाई शिकायला पाठवायचं ठरवलं. फुफी येत्या सोमवारी न्यायला येणार होती.

गुरुवारी सकाळी सर रणधीरच्या फरशीच्या दुकानात गेले. रणधीर त्यांचाच विद्यार्थी. लहानपणी यात्रेतल्या मांडवात चपलांना चिठ्ठ्या बांधायला तोही असायचा. तो लगबगीनं उठला.

"या सर, या! रविवारचं लक्षात आहे ना? क्लबला तीस वर्षं होतायत. क्लबचे प्रांतपाल स्वतः येतायत. माझ्या वर्षाच्या नेत्रज्योती प्रकल्पाला उत्कृष्ट प्रकल्पाचा चषक मिळतोय. गौरवपत्र नेहमीप्रमाणं तुम्हीच वाचायचं."

सरांनी गुलाबी चष्मा काउंटरवर ठेवला. "हे काय आहे, रणधीर?"

रणधीरनं चष्म्याकडं बघितलं. त्याला लगेच समजलं, हे सरांनाही समजलं.

"सर, त्याचं असं झालं," तो आवाज उतरवून म्हणाला. "नंबरच्या काचा यायला दहा दिवस लागणार होते. आणि प्रांतपालांची तारीख त्याच्या आधीची होती. चष्मेवाला म्हणाला, फोटोपुरत्या साध्या काचा बसवून देतो, नंतर बदलून घेऊ."

"मग?"

"मग मार्च आला. आमच्याकडं मार्चची गडबड, तुम्हाला माहीतच आहे. मग लग्नसराई. मग तीस जून आला आणि माझं वर्ष संपलं."

"तुझं वर्ष संपलं," सर म्हणाले. "त्या पोरीचं नाही संपलं. ते आख्खं गेलं."

"नव्या अध्यक्षांना सांगायला पाहिजे होतं, पण त्यांचं झाडांचं चाललंय. शिवाय फाइलवर प्रकल्प पूर्ण असं लिहून गेलंय."

"छप्पन्न पोरांचे नंबर मी माझ्या हातानं लिहिलेत. ती यादी कुठं आहे?"

"असेल इथल्याच कपाटात. बॅनरखाली." रणधीरनं हात जोडले. "सर, पाया पडतो. रविवार जाऊ द्या. सोमवारी मी गुपचूप सगळे चष्मे बदलून देतो. तीस वर्षांच्या संस्थेची अब्रू आहे. ती तुमचीच संस्था आहे."

"गुपचूप," सर म्हणाले. "द्यायचं व्यासपीठावर आणि निस्तरायचं गुपचूप! चपला सांभाळत होतो तेव्हा हरवलेल्या चपलेचे पैसे आपण त्याच मांडवात, सगळ्यांसमोर देत होतो. विसरलास काय रे?"

त्यांनी कपाट उघडायला लावलं. यादी खरंच बॅनरखाली होती, त्यांच्याच वळणदार अक्षरात. पस्तिसावं नाव हुमेराचं.

तिथनं ते पाशामियाँच्या पंक्चरच्या दुकानात गेले. म्हातारा ट्रकच्या टायरवर वाकला होता. सरांना बघून त्यानं हात पुसले आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. सर बसले नाहीत. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, स्वतःचा भाग न वगळता.

पाशामियाँनं हातातला पाना जमिनीवर आपटला.

"म्या तिला मारलं, सर. तुमच्या सांगण्यावरनं. एवढा चष्मा दिला लोकांनी आनि पोरगी ध्यान देत न्हाय, म्हनून मारलं. आनि दुवा कुनाला देत होतो? तुमच्या क्लबाला!" त्याचा आवाज चढला. "पंक्चर न काढता नुसता टायर पुसून दिला असता म्या, तर ट्रकवाल्यानं मला जित्ता सोडला असता का? तुमाला कोन इचारनार?"

"मीच विचारणार आहे," सर म्हणाले. "रविवारी तिला घेऊन हॉलवर या. तेवढं झाल्याशिवाय फुफीला हो म्हणू नका."

"तुमचा सबूद ऐकूनच हे झालंय, सर."

"व्हय," सर म्हणाले. "म्हणूनच तुमच्या दारात आलोय."

रविवारी हॉल गच्च भरला होता. शाली, फेटे, मोगऱ्याचे हार. पडद्यावर तीस वर्षांचे फोटो सरकत होते. त्यात हुमेराच्या डोळ्यांवर चष्मा चढवणारे सरही होते, हसतमुख. पाशामियाँ आणि हुमेरा दाराशी उभे होते. रणधीर सारखा सरांकडं बघत होता. सरांनी आदल्या दिवशी त्याला एवढंच सांगितलं होतं, "गौरवपत्र मी वाचतो." त्याला बरं वाटलं होतं.

सरांचं नाव पुकारलं. ते माइकशी गेले, चौकटीतलं गौरवपत्र हातात घेतलं. मग स्वतःचा चष्मा काढून खिशात ठेवला आणि हुमेराचा गुलाबी चष्मा डोळ्यांवर लावला. तो त्यांच्या तोंडाला फारच लहान होता, कानापर्यंत पोचत नव्हता. पहिल्या रांगेतलं कुणीतरी हसलं.

सरांनी गौरवपत्र डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. "सेवामित्र क्लब..." एवढं त्यांना पाठ होतं. पुढं ते थांबले.

"मला दिसत नाही," ते म्हणाले.

हॉलमध्ये चुळबुळ झाली. वय झालंय, कुणीतरी कुजबुजलं. रणधीर उठून जवळ आला. "सर, तुमचा चष्मा घाला ना."

"हा क्लबचाच चष्मा आहे," सर माइकमध्ये म्हणाले. "थांबा थोडं. चष्मा लागायला टायम लागतो. दवा लागायला लागतो तसा."

आणि ते थांबले. गौरवपत्र धरून, डोळ्यांवर तो चष्मा ठेवून, नुसते उभे राहिले. लोक आधी हसले, मग खोकले, मग गप्प झाले. पंखे फिरत होते. प्रांतपालांनी घड्याळ बघितलं. सर हलले नाहीत. आषाढात ती पोर एक आख्खा तास उभी होती, हे त्यांना ठाऊक होतं. पाच मिनिटांत शाली पांघरलेली माणसं घामेजली.

"अजून नाही लागला," सर शेवटी म्हणाले. "छप्पन्न पोरं अकरा महिने अशीच वाट बघतायत. ह्या काचांना नंबरच नाही. फोटोसाठी बसवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. फोटोत मीही आहे, बघितलात आत्ता. चषक कुणाला द्यायचा तो द्या. यादी इथं ठेवतो. कुणाला वाचता येत असेल तर वाचा."

त्यांनी यादी टेबलावर चषकाशेजारी ठेवली आणि ते खाली उतरले. एकही टाळी वाजली नाही. प्रांतपालांनी यादी उचलली आणि रणधीरला काहीतरी विचारलं.

दाराशी पाशामियाँ म्हणाला, "फुफीला फोन करतो. सध्या येऊ नको म्हनतो." बस, एवढंच. हात जोडले नाहीत की दुवा दिली नाही.

त्या रविवारनंतर नवव्या दिवशी सोलापूरचे डॉक्टर शाळेत आले. वर्षात नंबर वाढलेले असतात, म्हणून सरांनी सगळ्यांचे डोळे नव्यानं तपासायला लावले. बॅनर नव्हतं, हार नव्हते. पोरांना रांगेत बसवायला रणधीर आला होता, जमिनीवर मांडी घालून. सर त्याच्याशी कामापुरतं बोलले. त्यानंतर दहा दिवसांनी चष्मे आले. प्रत्येक चष्मा सरांनी वर्तमानपत्रावर धरून हलवून बघितला आणि मगच पोराच्या हातात दिला. छप्पन्नांपैकी एकोणपन्नास पोरं सापडली. सात जण आई-बापामागं ऊसतोडीला गेले होते. कुठल्या कारखान्यावर, ते सर अजून शोधत होते.

हुमेरानं नवा चष्मा घातला. फळ्याकडं बघितलं. सरांनी तिथं मुद्दाम बारीक अक्षरात चार ओळी लिहिल्या होत्या. तिनं त्या घडाघडा वाचल्या. वर्ग ओरडला. सर हसले, पण ती हसली नाही. तिनं सरांकडं बघितलं, डोळ्याला डोळा भिडवून.

"सर, मग तवा मला उभं का केलंव?"

चाळीस वर्षांत सरांना पोरांनी हजार प्रश्न विचारले होते. एकालाही त्यांनी उद्या सांगतो म्हटलं नव्हतं.

"माझं चुकलं, हुमेरा," ते म्हणाले. "तू खरं सांगत होतीस आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही."

ते उठले आणि भिंतीकडं गेले. आषाढात ती जिथं उभी होती तिथंच, पाठ भिंतीला लावून उभे राहिले. तिथनंच त्यांनी समर्थला पुढचा धडा वाचायला सांगितला. तास संपायला पंचवीस मिनिटं होती. गुडघे दुखत होते. पोरं एकदा सरांकडं, एकदा हुमेराकडं बघत होती.

हुमेरानं पुस्तक उघडलं. तिनं सरांना बसा म्हटलं नाही. सरांनीही तशी अपेक्षा केली नाही. घंटा होईपर्यंत ते उभे होते.