चाबीची तिसरी चिठ्ठी

आमच्या हिंदी-मराठी कोशाच्या कचेरीत एकच कडक नियम होता. शब्दाचा कुठलाही अर्थ छापायचा, तर तो तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून आपणहून आलेला हवा. वदवून घेतलेला चालत नसे. प्रत्येकाची एक चिठ्ठी, तिच्यावर वाक्य, बोलणारा, तारीख. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्याच चिठ्ठ्या लावत आले. सासूबाई रोज विचारायच्या, "तुझा एक तरी अर्थ छापला का गं?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या दिवशी 'चाबी'चं पान पाच वाजता छापायला जाणार होतं. शब्द मूळचा पोर्तुगीज, हे पक्कं. पहिला अर्थ कुलपाची किल्ली, दुसरा घड्याळाची. तिसरा माझा: 'चाबी भरना', म्हणजे एखाद्याला फूस लावणं. वर्षभर कान टवकारून मी तीन चिठ्ठ्या जमवल्या होत्या.

चार वाजता मुख्य संपादकांनी त्या चाळल्या. "बाई, ही शिंपीण आणि ही वरच्या मजल्यावरची शेजारीण एकच ना?"

एकच होती! एकदा मी तिला धंद्याने नोंदवलं होतं, एकदा शेजाराने. वर्षभराच्या कामावर बोळा फिरला.

"म्हणजे दोनच माणसं. अर्थ गाळा."

"साहेब, सगळे बोलतात हो असं!"

"सगळे म्हणजे कोण?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पानावर माझी सही लागायची. मी पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मग मी सही करत नाही. जाऊ दे पान उद्या."

साहेबांची मातृभाषा हिंदी. कचेरीत ते कटाक्षाने मराठी बोलायचे, पण आता त्यांचा तोल सुटला.

"उन्नीस साल मुँह नहीं खोला! आज आपको किसने चाबी भर दी?"

मी कोरी चिठ्ठी ओढली. वाक्य लिहिलं. बोलणारा: मुख्य संपादक. तारीख: आजची. चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली.

ते वाचत राहिले. मग कपाळावर हात मारून असे हसले, की मुद्रितं तपासणाऱ्या बाया खुर्च्या सोडून धावत आल्या. पाचला पाच कमी असताना आम्ही दोघांनी सह्या केल्या.

कोश घरी आणला, तेव्हा सासूबाईंनी भिंग लावून तिसरा अर्थ तीनदा वाचला. नंतर जिन्यात जाऊन वर हाक मारली, "शिंपीणबाई, खाली या! आमच्या सुनेचा अर्थ छापलाय!"

आमच्या सुनेचा! मी तिथेच पायरीवर बसून खुशाल रडले.