विजेतीची खुर्ची

मागच्या जुलैत विम्बल्डनच्या हिरवळीवर मी बायकांची टेनिस स्पर्धा जिंकले आणि यंदा त्याचीच शिक्षा भोगत होते. आमचा नियमच तसा. बाकीच्या जणींनी आपापसांत लढायचं, आणि जी उरेल तिने शेवटी मागच्या विजेतीशी खेळायचं. तोवर विजेतीने नुसतं बसायचं. मी रोज कॉर्सेटच्या नाड्यांनी कंबर आवळून, हातमोजे घालून आईशेजारी खुर्चीत बसायचे आणि मिस ट्रेंचर्ड एकेकीला लोळवताना बघायचे. हात नुसते शिवशिवत होते.

माझा सामना शनिवारी, लग्न सोमवारी. माझा होणारा नवरा लायनेल, त्याच्या घरात सुना खेळत नाहीत, हे आधीच ठरलेलं. म्हणजे हा माझा शेवटचा सामना. तेवढा एक मला हवा होता.

आणि मधेच कमिटीने फतवा काढला. दोन बड्या शाळांच्या पोरांचं क्रिकेट आहे, सगळं लंडन तिकडे जाणार, म्हणून शुक्रवार-शनिवार टेनिस बंद. माझा सामना गेला सोमवारी दुपारी.

मी चिटणीसांना गाठलं. "सोमवारी माझं लग्न आहे, एकच दिवस पुढे ढकला ना."

"मिस ऑगस्टा, लग्न ही तुमची घरगुती बाब झाली."

"आणि पोरांचं क्रिकेट?"

"त्याची गोष्ट वेगळी," ते म्हणाले. मेला हसलासुद्धा नाही.

घरी म्हटलं, "सकाळी लग्न लावा, दुपारी मी खेळते."

"आणि घामेजलेली नवरी सासरी पाठवू?" आई म्हणाली. "गसी, अक्कल गहाण टाकलीस का?"

मी लायनेलकडे बघितलं. तो पावाला लोणी लावत होता.

"मला चालेल गं, पण आमच्या आईला काय वाटेल?"

हा बाबा जन्मभर हेच म्हणणार, हे मला तिथेच कळलं.

सोमवारी चर्च झालं, केक कापला, आम्ही बग्गीत बसलो. रस्ता मैदानावरूनच जात होता. आतून टाळ्या ऐकू आल्या. मिस ट्रेंचर्डला न खेळताच चषक देत होते. आवळलेल्या कंबरेत श्वास मावेना, आणि मी ढसाढसा रडले.

लायनेल गडबडला. मग लाजून लाल होत म्हणाला, "तुला नंतर सांगणार होतो. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या आपल्या नावावर करून ठेवल्यात, कायमच्या. दरवर्षी येऊ बघायला. तुला आवडतं ना टेनिस?"

खरंच मनापासून केलं होतं त्याने. मी त्याचे आभार मानले आणि हातमोजे चढवले.