बोटीचा कट्टा

वैशाखातल्या भर दुपारी अक्काच्या चेहऱ्यावर बर्फाचा उजेड पडे. बाहेर बसवकल्याणची गल्ली तापून निःशब्द झालेली असे, कुत्रीसुद्धा गटाराच्या ओलीला जाऊन निजलेली असत, आणि आत दारे-खिडक्या लावून घेतलेल्या त्या खोलीत कूलरच्या वाळ्याचा दमट सुगंध भरून राहिलेला असे. त्या अंधारात टीव्हीच्या पडद्यावरून एक निळसर, थंड प्रकाश येई आणि तिच्या कपाळावर, नाकाच्या उतारावर, चष्म्याच्या दोन्ही भिंगांत अलगद उतरे. कुठल्याशा दूरच्या देशात बर्फ पडत होता आणि इथे, जिथे दुपारी घागरीतले पाणीही कोमट होते, माझी थोरली बहीण त्या बर्फाकडे पाहत खांद्यावरचा पदर ओढून घेई. मी जमीन-मोजणी खात्यात आयुष्य काढलेला माणूस आहे; उपमा देणे माझे काम नव्हे. पण तिने पदर ओढून घेतलेला मी स्वतः पाहिला आहे, म्हणून लिहितो.

ती मालिका स्वीडनमधली. तिकडच्या गुप्तहेर-कादंबऱ्यांवरून केलेली, संथ, करड्या रंगाची. माझ्या मुलीने तिच्या खात्यावरून अक्काच्या टीव्हीला जोडून दिली होती, ती खरे तर दुसरेच काही लावायला गेली असताना. बोलणे सगळे स्वीडिश, आणि खाली इंग्रजी अक्षरे. अक्का मराठी वाचते, कन्नडही वाचते. इंग्रजी अक्षरे ओळखते, पण ती उभी राहिली तर. ही अक्षरे धावत होती. म्हणून ती वाचायचे काम दाजींकडे आले.

दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, कोर्टात भाषांतरकार होते. साक्षीदार मराठीत बोलो, कन्नडमध्ये बोलो, दख्खनीत रडो; त्याचे बोलणे जसेच्या तसे इंग्रजीत उतरवून देणे ही त्यांची नोकरी. साक्षीदार अडखळला तर भाषांतरही अडखळले पाहिजे, असे ते म्हणत. पदरचा एक शब्द घालायचा नाही, त्याचा एक शब्द गाळायचा नाही. त्यांच्या या काटेकोरपणामुळेच आमचे जमले. मी हद्दीचा दगड बोटभर सरकू दिला नाही, त्यांनी साक्ष बोटभर सरकू दिली नाही, असे आम्ही दोघे एकमेकांना मनातल्या मनात मानत असू. निवृत्तीनंतरही त्यांची ती सवय राहिली होती: समोरचा बोलू लागला की डोळे अर्धे मिटायचे, उजव्या हाताची तर्जनी किंचित उचलायची, आणि एक श्वास थांबून मगच बोलायचे. मालिका पाहताना तोच श्वास, तीच तर्जनी. पडद्यावरची स्वीडिश बाई बोले, अक्षरे उमटून विरत, मध्ये एक क्षण रिकामा जाई, आणि मग दाजींचा खर्जातला आवाज त्या हिमप्रदेशात आमची मराठी बोलू लागे.

परदेशी नावे अक्काच्या ओठांवर बसेनात, म्हणून त्यांनी तिथल्या गावांना इथली नावे दिली होती. समुद्रकाठचे कोळ्यांचे खेडे ते निर्णा, आडबाजूचे शेतकऱ्यांचे गाव ते मादन हिप्परगा, आणि जिल्ह्याचे ठिकाण ते बिदर. तपास करणारी पोलीस अधिकारी ही फौजदारीणबाई. एकदा अक्काने कुंपणावरून शेजारच्या रजियाआपांना मोठ्या हळहळीने सांगितले, "निर्ण्यात एका बाईचा खून झाला बगा. प्रेत दोन दिवस तसंच पडलं हुतं." रजियाआपांची धाकटी बहीण निर्ण्यात दिलेली. त्या हातातले धुणे टाकून आत पळाल्या, फोन लागेना म्हणून रडत अक्काच्या दारात आल्या. "क्या हुआ कते निर्णा में? मेरी बहन उधरीच है, भाभी!" दाजींनी त्यांना आत बसवून पाणी दिले आणि पडद्यावरचे बर्फाखाली बुडालेले निर्णा दाखवले. आपा कितीतरी वेळ त्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "इत्ती ठंडी में कायकू मारना किसीकू? वैसेच मर जाते ना लोगां." दाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. तो ठसका लवकर थांबला नाही. तेव्हा आम्ही कुणी तिकडे लक्ष दिले नाही.

अक्का पाहताना रिकाम्या हाताने बसत नसे. मांडीवर सूप, सुपात तूरडाळ. तिचे डोळे पडद्यावर आणि बोटे डाळीत, खडा नेमका वेगळा काढणारी. सुपाची ती एकसुरी, कोरडी सळसळ त्या खोलीतला श्वास होती. सुटीच्या दुपारी मी तिकडे गेलेला असलो की मागल्या खोलीत बसूनही मला कथा कुठवर आली ते कळे: सळसळ मंदावली की कुणीतरी अंधाऱ्या घरात शिरते आहे, थांबली की दार उघडले आहे, आणि पुन्हा सुरू झाली की फौजदारीणबाई सुखरूप आहे.

त्या फौजदारीणबाईवर अक्काचा फार जीव. बाई पन्नाशीची, थकल्या खांद्यांची, समुद्रकाठच्या लाकडी घरात एकटी राहणारी. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला ती फावडे घेऊन बाहेर येई आणि घरासमोर पाण्यात गेलेल्या फळ्यांच्या अरुंद धक्क्यावरचा रात्रभर साचलेला बर्फ काढी. दाजी त्याला बोटीचा कट्टा म्हणत. त्या कट्ट्याला बोट कधी लागलेली दिसली नाही. पाणी काळे, आकाश शिशाच्या रंगाचे, आणि मध्ये ती एकटी बाई, वाकून, उठून, पुन्हा वाकून बर्फ ढकलणारी. संगीतसुद्धा नसे, फळ्यांवर फावडे घासल्याचा आवाज तेवढा. पहिल्याच दुपारी अक्काने विचारले होते, "हिचा नवरा कुटाय?" दाजींनी तर्जनी उचलली, नेहमीपेक्षा थोडे जास्त थांबले आणि म्हणाले, "मोठ्या बोटीवर हाय. लांब गेलाय." तेव्हापासून अक्का त्या बोटीची वाट पाहू लागली. खुनी सापडो न सापडो, तिला त्याचे विशेष नव्हते. भाग संपला की ती विचारी, "आज बी आली न्हाई व्हय बोट?" आणि दाजी म्हणत, "समुद्र गोठलाय. वितळला की येईल."

दाजी थंडीत गेले. ठसक्याने सुरू झालेले दुखणे छातीत उतरले होते. पौर्णिमेला विहारात त्यांच्यासाठी वंदना झाली, माणसे आली, गेली, आणि मग ते घर एखाद्या संपलेल्या सभेसारखे रिकामे झाले. त्यांच्या दुखण्यात मालिकेचा शेवटचा भाग राहून गेला होता. अक्काने टीव्हीवर एक विणलेला रुमाल टाकला. सूप भिंतीला टांगले गेले. मी रोज कचेरीतून परतताना तिच्याकडे डोकावत असे. बोलण्यासारखे फारसे नसे. एकच गोष्ट तिने सोडली नाही. उन्हे कलली की ती बादली घेऊन दाराबाहेर येई आणि घरासमोरच्या शहाबादी फरशीच्या कट्ट्यावर पाणी मारी. दाजी संध्याकाळी तिथे बसत. दिवसभर तापलेला दगड त्यांना सोसत नसे. आता तिथे कुणी बसत नव्हते. तरी ती पाणी मारी, दगडातून वाफेचा एक मातकट निःश्वास उठे, आणि ती बादली उपडी घालून आत जाई.

पुन्हा उन्हाळा लागला तेव्हा एका रविवारी तिनेच रुमाल काढला. "तम्मा," ती म्हणाली; मी साठीकडे आलो तरी तिचा धाकटा भाऊच आहे, "त्यो राहिलेला भाग लाव. बोट आली का न्हाई ते तरी कळू दे."

मी दाजींच्या खुर्चीत बसलो नाही. बसायला वेताचा मोडा ओढून घेतला. बर्फ पडू लागला. अक्काने सूप काढले. मी अक्षरे वाचून सांगत होतो, जमेल तितके बरोबर. माझ्या सांगण्यात तो रिकामा श्वास नव्हता, मी अक्षरांच्या मागे धावत होतो. शेवटाकडे फौजदारीणबाई कट्ट्यावर उभी होती, शेजारी तिचा तरुण सहकारी. त्याने काही विचारले. ती बोलली. अक्षरे उमटली आणि मी जशीच्या तशी सांगितली, "म्हणते, माझा नवरा इथंच बुडाला. लग्नानंतर थोड्याच वर्षांत."

सूप थांबले.

"कुणाचा?"

"हिचा. फौजदारीणबाईचा."

"त्यो तर बोटीवर हाय."

मी पडदा थांबवला. ती बाई तोंड अर्धे उघडे ठेवून गोठली, तिच्या श्वासाची वाफही हवेत तशीच थांबली. मी अक्षरे पुन्हा वाचली. त्यांत दुसरा अर्थ निघत नव्हता. "बुडाला म्हणते, अक्का," मी म्हणालो. अक्काने सूप बाजूला ठेवले. म्हणाली, "बंद कर. डोळे दुखायलेत."

त्यानंतरच्या दिवसांत ती माझ्याशी दोन शब्दांपलीकडे बोलली नाही. त्या संध्याकाळी कट्टा कोरडा होता. दुसऱ्याही संध्याकाळी. कोरड्या दगडाकडे पाहून माझ्या मनात जे आले ते स्पष्टच लिहितो: ज्या माणसाने हयातभर एक शब्द हलवला नाही, तो घरात आपल्याशी खोटे बोलत होता, असे तिला वाटले तर त्याच्याबरोबर काढलेले तिचे सगळे दिवस संशयास्पद होतील. दाजी एकदा गेले होते. माझ्या एका वाक्याने ते दुसऱ्यांदा जात होते.

मोजणी जुळेनाशी झाली की आम्ही मूळ दगडापाशी परत जातो. मी माझ्या घरी पहिल्या भागापासून पुन्हा पाहायला बसलो. मनात आशा होती की शेवटच्या भागातच काही घोटाळा असेल, किंवा बातमी फौजदारीणबाईलाही उशिरा कळली असेल, आणि दाजी तोवर बरोबर ठरतील. तसे नव्हते. अगदी पहिल्या भागात, अक्काने प्रश्न विचारला असणार त्याच जागी, भिंतीवर तिच्या नवऱ्याची तसबीर होती आणि अक्षरे स्वच्छ सांगत होती की तो बुडाला. दाजींनी ती वाचली होती. वाचून ते थांबले होते. तेव्हा त्यांना स्वतःचे दुखणे कळले होते का, मला ठाऊक नाही. ठाऊक नाही ते मी सांगणार नाही.

कळले ते सांगायला मी गेलो. लपवणे मला जमले नसते, आणि तिने ते ओळखले असते. उन्हे कलली होती. अक्का उंबऱ्यात बसली होती, शेजारी भरलेली बादली, न ओतलेली.

"पहिल्यापासूनच त्यो बुडालेला हाय, अक्का," मी म्हणालो. "दाजींनी वाचलं हुतं. तुला येगळं सांगितलं."

ती रस्त्याकडे पाहत राहिली. रजियाआपांच्या छपरावर पारवे उतरत होते. मग तिने माझ्याकडे न पाहताच विचारले, "बुडाला म्हणतोस. मग ती रोज त्यो कट्टा कामून साफ करायली?"

माझ्या डोळ्यांपुढे ते फावडे आले.

"मेल्या माणसासाठी बर्फ काढतंय व्हय कुणी? तेबी रोज?" तिचा आवाज चढला नव्हता. लहानपणी माझी पाटी तपासताना ती जशी बोले, तसे ती बोलत होती. "मी इतके दिस तेच बगायले. ती तोंडानं काय बी म्हणू दे. तोंडानं मी बी म्हणते न्हवं, ह्ये गेले म्हणून. आल्यागेल्याला म्हणते. तू अक्षरं वाचलास, तम्मा. ह्यांनी तिचे हात वाचले."

मग ती हसली. बऱ्याच महिन्यांनी. "आन् मला वाटलं, मीच खुळी हाय का काय. दोन दिस पाणी बी मारलं न्हाई बग."

ती उठली, पदर खोचला आणि बादली उचलली. मी हात पुढे केला, तिने तो कोपराने बाजूला सारला. पाणी फरशीवर पसरले. दगडाने दोन दिवसांची तहान आवाज करून भागवली, आणि राखाडी कट्टा क्षणात मेघासारखा काळा झाला. मी सवयीने टेकायला गेलो.

"तिथं नको," ती म्हणाली. "तिकडं कडंला बस."

मी कडेला बसलो. ती उंबऱ्यात. समोरून रानातून परतणारी माणसे जात होती, कुणी कन्नडमध्ये, कुणी मराठीत तिची विचारपूस करत होते, आणि ती ज्याला त्याच्या भाषेत बरी असल्याचे सांगत होती. उजेड उतरत गेला. कट्ट्यावरची ओल कडांकडून वाळू लागली, काळ्याचा पुन्हा राखाडी रंग होत होत आत सरकत आला. आयुष्यभर मी जमिनी मोजल्या, पण गेलेला माणूस मागे किती जागा अडवून ठेवतो याचे माप माझ्यापाशी नव्हते; त्या संध्याकाळी ते मला दिसले. सगळी फरशी वाळून गेली तरी मधोमध, एका माणसाच्या बैठकीएवढी ओल तशीच राहिली होती, आणि आम्ही दोघे, आपापल्या जागी, ती वाळेपर्यंत बसून होतो.