रंग पाहून घेतलेली गाडी

मी एक जु—

थांबा. सकाळी अंग गार असले की पहिल्या खेपेला माझे असेच होते. पुन्हा.

मी एक जुनी गा—

मी एक जुनी, छोटी एसयूव्ही आहे. लागली एकदाची! मित्रांनो, क्षणभर मला उभ्या उभ्या धडधडू द्या. तेल वरपर्यंत चढले की नीट बोलता येईल.

कारखान्यात मला एका लहान मोटारीच्याच सांगाड्यावर उभे केले. पाय जरा उंच, छाती रुंद आणि दारांखाली काळ्या प्लास्टिकची किनार. त्यामुळे मी दिसायला दांडगी. आत मात्र इंजिन, क्लच, चाकांचे सांधे, सगळे लहान मोटारीचे. बडा घर पोकळ वासा म्हणतात, त्यातलाच प्रकार. पण जो उंच दिसतो त्याच्यावर जग ओझेही तसेच टाकते. माझा पहिला मालक औषध कंपनीचा सेल्समन होता. हिला काय होतंय, असे म्हणत त्याने मला एकही खड्डा चुकवू दिला नाही. एक हात फोनवर आणि डावा पाय कायम क्लचवर टेकलेला, जणू मी त्याच्यासाठी स्टूलच मांडून ठेवले होते.

त्याने मला वाईट वागवले असे मी म्हणणार नाही. दर रविवारी तो मला शाम्पूने न्हाऊ घालायचा, आरशाला सुगंधी बाटली टांगायचा. शेजारी म्हणायचे, काय चकाचक ठेवली आहे. माझे कौतुक नेहमी वरूनच झाले. आणि गाडीला, सांधे दुखतात हो, असे सांगायची सोय नसते.

मग मी जुन्या गाड्यांच्या बाजारात आले. तिथल्या विक्रेत्याने टायरना काळे पॉलिश लावले, इंजिन धुतले. गिऱ्हाईक यायच्या आधी तो मला गुपचूप सुरू करून गरम करून ठेवायचा, म्हणजे माझे हे सकाळचे अडखळणे कोणाला कळू नये. गिऱ्हाईक आले की तो टपावर थाप मारून म्हणायचा, हात लावला की सुरू होते.

तिथे मला काकांनी घेतले. काकांचे रंगाचे दुकान. भिंतीचा, लाकडाचा, लोखंडाचा, सगळा रंग त्यांच्या बोटांत मुरलेला. ते माझ्याभोवती एक फेरी फिरले, बॉनेटवरून बोट ओढले आणि मागच्या डाव्या दाराशी थांबले.

"हे दार पुन्हा रंगवलंय. आणि ज्यानं रंगवलंय त्याला घाई होती."

विक्रेता खजील झाला. किंमत उतरली. काकांना वाटले, आपण गाडी पारखली. इंजिनाकडे त्यांनी शेजारणीच्या बाळाकडे बघावे तसे बघितले, छान आहे म्हणाले आणि झाकण लावले. मित्रांनो, ज्याला जे कळते त्यातच तो सगळे बघतो. यात लबाडी नाही. पण माझ्या पोटातले पोटातच राहिले.

काकांकडे मी बरीच वर्षे सुखाने धावले. रंगाचे डबे वाहिले, त्यांच्या लेकीला, ताईला, कॉलेजच्या वसतिगृहात सोडून आले. काकांना गाडीत रेडिओ लागे, तोही मोठ्याने. त्या वर्षांतले माझे बोलणे असे झाले:

माझ्या पुढच्या सांध्यांतले रबर झिजून आता लोखंडाला— *आणि आता ऐकू या श्रोत्यांच्या पसंतीचे गाणे* —खड्ड्यात टुक असे वाजते ते— *पुढील दोन दिवस हवामान कोरडे राहील* —पाण्याची नळी चिरली आहे, थेंब थेंब— *नमस्कार, बातम्या* —चाकात काहीतरी घूं— *जाहिरातीनंतर भेटू.*

मागे बसलेल्या काकू एकदा म्हणाल्या, काहीतरी वाजतंय हो. काकांनी आवाज वाढवला. आता नाही ना वाजत, म्हणाले.

मग एके दिवशी दुकानात काकांनी गिऱ्हाइकाला फिकट हिरव्याऐवजी राखाडी रंग मिसळून दिला. गिऱ्हाईक हसले. काका हसले नाहीत. ते डबा उन्हात नेऊन पुन्हा पुन्हा बघत राहिले. डॉक्टरांनी सांगितले, डोळ्यांच्या नसा सुकत चालल्या आहेत, गाडी चालवणे आजपासून बंद. त्या दिवशी मला दवाखान्याच्या दारातून घरी कोणीतरी परक्याने आणले. काका बाजूच्या सीटवर बसले होते. रेडिओ लावायचेही त्यांना सुचले नाही.

ताईचे मत स्पष्ट होते. आता दुकान आवरा, गाडी विका, कुठे जायचे तर टॅक्सी करा. काकूंनी ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले. दुकान आता त्याच बघणार होत्या. साइटवर डबे पोचवायचे, रंग दाखवायचे, वर काकांची दवाखान्याची वारी. गाडी गेली तर दुकान बसणार, आणि दुकान बसले की दोघे घरात एकमेकांची तोंडे बघत बसणार, हे त्यांना कळत होते. ज्याने कधी सायकलसुद्धा चालवली नाही अशा माणसाच्या हाती मी आले.

मित्रांनो, क्लच म्हणजे इंजिनाचा हात चाकांच्या हातात देणारा मध्य—

बंद.

मित्रांनो, क्लच म्हणजे इंजिनाचा हात चा—

बंद. मागून हॉर्न.

काका बाजूला बसून जमिनीवर पाय दाबत होते, जणू तिथेही एक ब्रेक आहे.

"अगं, हळू सोड."

"हळूच सोडतेय. तुम्ही आधी ते पाय आपटणं थांबवा."

आधीच झिजलेला माझा क्लच थरथरत होता. त्यांना वाटे, आपला पाय चुकतो. खरे तर चूक निम्मी माझी होती, पण सांगणार कशी? मी एवढेच केले की शक्य तितका तग धरला. हळूहळू आमचे जमले. काका सवयीने रेडिओकडे हात नेऊ लागले तेव्हा काकूंनी तो बंद केला. मला एका वेळी एकच काम जमते, म्हणाल्या, तुम्हीही गप्प बसा.

आणि गाडीत शांतता झाली. कित्येक वर्षांनी मी अख्खी वाक्ये बोलू लागले.

एकदा शहराबाहेरच्या टेकडीवर डबे पोचवायला निघालो होतो. काका सीटवर एकदम ताठ झाले.

"ही घूंघूं कसली?"

"असेल नेहमीचीच."

"नेहमीची? मी तर कधीच ऐकली नाही." ते मान तिरकी करून ऐकत राहिले. "तू उजवीकडे वळलीस की वाढते. डावीकडे वळलीस की कमी होते. हळू घे. पुढे जायचंच नाही, गॅरेजला चल."

मेकॅनिकने डावे चाक हातांनी हलवले आणि कपाळाला आठ्या घातल्या. बेअरिंग संपले होते. उतारावर चाक अडकले असते तर काय झाले असते, हे त्याने सांगितले नाही. नुसते काकूंकडे पाहिले. ते त्याने तिथेच बदलले. इंजिन चांगले आहे म्हणाला, बाकी सांध्यांतले रबर, पाण्याची नळी, क्लच, एकेक करून घ्या. यातले एकही दुखणे एका दिवसात वाढलेले नाही. घरी जाताना काका माझ्या दाराच्या पट्टीवर हात ठेवून होते, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा.

बेअरिंगची गोष्ट ताईपर्यंत गेली आणि ती थेट गिऱ्हाईक घेऊनच आली. एक फोटोग्राफर, रानावनात हिंडणारा, त्याला उंच गाडी हवी होती. आज बेअरिंग, उद्या ब्रेक, माझ्या जिवाला घोर, असे ती आईला म्हणाली, आणि ते खोटे नव्हते. काकूंनी किल्ली दिली. गाडी काकांच्या नावावर, व्यवहार लेकीने ठरवलेला. आपण काय बोलायचे, असे त्यांना वाटले असावे. त्या लेकीशेजारी मागे बसल्या.

फोटोग्राफरने सीट मागे सरकवली आणि मला रस्त्यावर घेतले. पहिल्या खड्ड्यात मी वाजले.

"पुढच्या सांध्याचं रबर," काका म्हणाले.

"बाबा," ताई मागून म्हणाली.

"क्लच थरथरतोय, तो पहिल्या मालकापासूनचा. गर्दीत तापमानाचा काटा वर चढला तर घाबरू नका, नळीतून पाणी झिरपतं. आणि सकाळी दोनदा तरी रुसते. गरम असताना बघून फसू नका."

"बाबा, तुम्ही गाडी विकताय की तिची तक्रार नोंदवताय?"

ते हे भोळेपणाने बोलत होते की मला कोणी नेऊ नये म्हणून, मला आजही माहीत नाही. पण परिणाम उलटाच झाला. दारात येऊन थांबलो तेव्हा फोटोग्राफर खूश होता. इतके खरे कोणी सांगत नाही, म्हणाला, काय दुरुस्त करायचे ते तरी कळले. त्याने काकांसमोर हात पुढे केला.

"काका, मग ठरलं?"

काकांना तो हात दिसला नाही. पण प्रश्न त्यांनी नीट ऐकला.

"मला काय विचारता? गाडी ती चालवते."

माझ्या पोटात इंजिनाखेरीज काहीच हलत नव्हते. काकू मागचे दार उघडून उतरल्या. पुढे आल्या, चालकाचे दार उघडले आणि अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "उतरता का जरा?"

तो उतरला. त्याला वाटले, आणखी एखादे दुखणे दाखवणार असतील. काकू आत बसल्या. खालची कळ ओढून त्यांनी सीट पुढे घेतली, एक खाच, दोन खाचा, पाय क्लचला पोचेपर्यंत. मग आरसा आपल्या उंचीला वळवला.

"माफ करा. ही विकायची नाही," त्या म्हणाल्या. "ताई, मागे नीट बस. गॅरेजला जायचंय. नळी आजच बदलू."

"आणि रबर?" काकांनी विचारले.

"तेही. तुम्ही पाय वर घ्या."

मित्रांनो, जुनी वस्तू घेताना तिचा चेहरा बघू नका, ती गार असताना तिला हाक मारा. आणि घेतल्यावर तिचे गाऱ्हाणे लहान असतानाच ऐकून घ्या. वस्तूचे असो की घरातल्या माणसाचे, ते आधी बारीकच असते. आणखी एक सांगायचे होते, पण काकूंनी पहिला गिअर टाकला आहे आणि क्लच सोडायला घेतला आहे. आता मला थरथरून चालणार नाही.