पाचव्या गाण्यातली शीळ

कुकरच्या शिट्ट्या मला ऐकू येत नाहीत, हे मला वर्षभर माहीत होतं आणि वर्षभर मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. माझी बायको कांचन आंघोळीला जाताना सांगायची, "अहो, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." मी कुकरसमोर खुर्ची टाकून झाकणावरच्या वजनाकडे बघत बसायचो. वजन उचललं, वाफ सुटली, एक. असं डोळ्यांनी मोजून वेळ मारून न्यायची. एकदा फोन आला म्हणून मान वळवली आणि डाळीचा कोळसा झाला. "लक्ष कुठे असतं तुमचं?" कांचन म्हणाली. मी मुकाट्यानं बोलणी खाल्ली. वेंधळा म्हटलेलं मला चालत होतं, बहिरा म्हटलेलं चाललं नसतं.

मी निरंजन माईणकर, मूळचा सांगलीचा, वय अठ्ठावन्न. तीस वर्षं लखनौत रेल्वेत इंजिनीयर आहे, राहतो मानक नगरच्या क्वार्टरमध्ये. गाडी धावताना रूळ किती थरथरतात, डबे किती आवाज करतात, ते मोजायचं हे माझं काम. चाक कुठे झिजलंय ते यंत्राच्या आधी माईणकर साहब सांगतात, असं आमच्याकडे नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. खोटं नव्हतं ते. अलीकडे मात्र मी आधी चोरून यंत्राकडे बघायचो आणि मग डोळे मिटून सांगायचो.

एवढ्यावरही निभावलं असतं. पण तीन आठवड्यांपूर्वी आम्ही रायबरेलीच्या बाजूला लाईनवर होतो. अशा वेळी एक माणूस दूर उभा असतो, गाडी दिसली की तो शिट्टी मारतो आणि सगळे रुळावरून बाजूला होतात. मी वाकून रुळाला चिकटवलेली वायर तपासत होतो. एकदम कुणीतरी कॉलर धरून मला मागे खेचलं. मी खडीवर आपटलो आणि माझ्या समोरून इंजिन गेलं. त्याचा वारा तोंडावर आला. खेचणारा रस्तोगी होता, माझा बारा वर्षांचा सहकारी. तो बाकीच्यांना हसत म्हणाला, "साहब सोच में थे." मीही हसलो. पँट झटकून मी परत वायरकडे वळलो.

मी विचारात वगैरे काही नव्हतो. शिट्टी वाजलीच नव्हती, माझ्यापुरती.

त्यानंतर आणखी दोनदा लाईनवर गेलो, जीव मुठीत धरून, दर मिनिटाला मान वळवून बघत. आणि येत्या गुरुवारी मोठी चाचणी होती. तिथला प्रमुख मी. मी हात वर केला की चार माणसं रुळावर उतरणार आणि मी ओरडलो की बाहेर येणार. सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण सांगितलं तर टेबलाला बसवतील, निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं लोक माझ्याशी मोठ्यानं, सावकाश बोलतील, ज्याच्या कानाची गोष्ट सांगायचे तोच हा, म्हणून पोरं वळून बघतील. त्याची मला भीती वाटत होती. आणि न सांगण्याची त्याहून जास्त. दोन भीतींच्या मध्ये मी शहाण्या माणसासारखा गप्प बसलो होतो.

अशात शर्वरी आली.

शर्वरी माझी मुलगी, चोवीस वर्षांची, दिल्लीत असते. कॉम्प्युटरवर संगीत बनवते. लखनौत वाढल्यामुळे तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर बहुतेक हिंदीत येतं. तिचा पहिला अल्बम तयार झाला होता. आठ गाणी, सगळी नाचायची, आणि सगळी माझ्या कॉलेजच्या दिवसांतली वाटणारी. शहाऐंशी सालची. त्या काळातला ड्रम-मशीनचा खणखणीत ठेका, ते चकचकीत कीबोर्ड. नाव ठेवलं होतं 'गॅदरिंग'. कारण सांगलीच्या कॉलेजच्या गॅदरिंगला मी पांढरी बेलबॉटम घालून नाचलो होतो आणि हॉस्टेलच्या पोरांनी फुटबॉलला आरशाचे तुकडे चिकटवून छताला टांगले होते, ही गोष्ट मी तिला लहानपणी शंभरदा सांगितली होती.

"बाबा, पहिले आप सुनोगे," ती शनिवारी सकाळी म्हणाली. "अगले हफ्ते रिलीज है. आपके कान पास कर दें, बस."

बाल्कनीत ऊन होतं, तिथे तिनं मला बसवलं, माझ्या डोक्यावर भलेमोठे हेडफोन चढवले, स्वतःसाठी दुसरे लावले आणि गाणं सुरू केलं.

खालचा ठेका आला. तो सगळा आला, छातीपर्यंत. आणि बास, म्हणजे खर्जातली ती चाल. काय बास बांधला होता पोरीनं! तिसऱ्या गाण्यात तो चार पायऱ्या चढतो आणि पाचवीवर पाय ठेवता ठेवता थांबतो, आणि आपलं पोट तिथे लटकून राहतं. मग ठेका परत येतो तेव्हा हायसं वाटतं. माझा पाय आपोआप हलायला लागला. छताला टांगलेला तो फुटबॉल मला दिसला, भिंतीवरून फिरणारे त्याचे कवडसे दिसले. मी खरोखर खूश झालो होतो.

मग माझं लक्ष शर्वरीच्या हाताकडे गेलं. ती टेबलावर बोटांनी ताल धरत होती. माझ्या कानात एक ठोका पडायचा आणि पुढच्या ठोक्यापर्यंत काहीच नसायचं. पण तिची बोटं त्या मधल्या जागेत सरसर पळत होती. चार, आठ, कधी त्याहून जास्त. तिथे काहीतरी वाजत होतं. ती डोळे मिटून हसत होती, अशा कशाला तरी, जे माझ्यासाठी नव्हतंच.

"कैसा है?" तिनं विचारलं. तिच्या ओठांवरून मला ते कळलं.

"नीट ऐकून सांगतो," मी म्हणालो. "उद्यापर्यंत वेळ दे. फाईली मला देऊन ठेव."

रविवारी मायलेकी अमीनाबादला कापड घ्यायला गेल्या. मी दार लावून घेतलं आणि लॅपटॉपवर आमचं थरथर मोजायचं सॉफ्टवेअर उघडलं. त्यात कुठलाही आवाज टाकला की चित्र उमटतं. जाड आवाज खाली, बारीक आवाज वर. मी पहिलं गाणं टाकलं. खाली लाल पट्टे होते, ते माझ्या ओळखीचे. पण वर, पडद्याच्या टोकापर्यंत, निळ्या रंगाची दाट बुट्टी पसरली होती. लखनवी चिकनकारीच्या कापडावर असते तशी बारीक. गाणंभर. त्यातला एकही टाका मी ऐकला नव्हता.

मी गाणं लावून पेन्सिलीनं पडद्यावर शोधायला लागलो, माझं ऐकणं कुठे संपतं ते. फार वेळ लागला नाही. सेकंदाला तीन हजार कंपनांच्या जरा खाली. त्याच्या वर माझ्यासाठी जग बंद होतं. शिट्टी किती वर असते ते मला पाठ होतं. ती त्या रेषेच्या पलीकडे होती. आतापर्यंत मी स्वतःला सांगत होतो की त्या दिवशी वारा उलटा असेल, शिट्टी हळू मारली असेल. आता माझ्याच हातानं मोजून झालं होतं, आणि माझं मोजमाप तीस वर्षांत चुकलेलं नाही. उठून पाणी प्यायलो, परत बसलो.

आणि मग, देवा, मी काय केलं असेल? रिपोर्ट लिहायला घेतला. गाणं क्रमांक एक, निरीक्षणं. कुठे वरचे आवाज दाट आहेत, कुठे विरळ, कुठे एकदम थांबतात. चित्र बघून सगळं लिहून काढलं, ऐकल्यासारखं. पाचव्या गाण्यात अगदी वर, पट्टीनं आखल्यासारखी एक सरळ बारीक रेघ होती, पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत. पंधरा हजार सहाशेच्या आसपास. मी लिहिलं: अखंड शीळ, फार सुंदर.

इतक्या वरचा आवाज माझ्या वयाच्या धडधाकट माणसालाही ऐकू येत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. नव्या पोरांना मीच शिकवतो. पण घाबरलेल्या माणसाला शिकवलेलं आठवत नाही.

संध्याकाळी चहाबरोबर मी वही उघडली. शर्वरी मांडी घालून समोर बसली. मी वाचत गेलो तसे तिचे डोळे मोठे होत गेले. दुसऱ्या गाण्यातल्या टाळ्या डावीकडून उजवीकडे जातात ते मी सांगितलं. चौथ्यात शेवटी वरचं सगळं हळूहळू कमी होतं, नाच संपून लोक घरी निघावेत तसं, हेही सांगितलं. "आई, सुनो," ती आत ओरडली, "इतना तो मेरे म्यूजिक पार्टनर ने भी नहीं सुना." ती मला बिलगली. मला त्या क्षणी मान्य करावंसं वाटलं. नाही केलं. पुढचं पान उलटलं.

"पाचव्यात ती शीळ आहे ना, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ती मला सगळ्यात आवडली."

ती थोडी मागे सरकली. "कौन-सी सीटी?"

"ती वरची. बारीक."

मग ती सावकाश म्हणाली, "बाबा, वो गलती है. एक पुराना टीव्ही रेकॉर्ड किया था, पुराने टीव्ही में वैसी आवाज आती है. निकालना रह गया. मुझे खुद मुश्किल से सुनाई देती है." तिनं वहीकडे बघितलं, मग बंद लॅपटॉपकडे. "आपने सुना नहीं. देखा है."

पितळ उघडं पडलं. मी वही मिटली.

"मग तुम्ही काय ऐकलंत?" ती म्हणाली. या वेळी मराठीत.

"खालचं सगळं ऐकलं," मी म्हणालो. "तिसऱ्या गाण्यातला बास मी जन्मात विसरणार नाही, ते खोटं नाही. वरचं मला येत नाही, शरू. वरचं मी काल तुझ्या बोटांवर बघितलं."

मग सगळं सांगितलं. कुकर, लाईन, कॉलर, इंजिनाचा वारा. गुरुवार. कांचन दारात येऊन उभी राहिली होती, तिच्या हातातला कप तिनं कधी खाली ठेवला ते मला कळलं नाही. मी कधी नव्हे इतका घाबरलो होतो, आणि ते त्या दोघींना दिसत होतं.

शर्वरी रडेल असं मला वाटलं. तिनं माझा फोन उचलला, रस्तोगीचा नंबर काढला आणि स्पीकर लावून माझ्यासमोर धरला.

"अभी," ती म्हणाली.

"रस्तोगी," मी म्हणालो, "मला, मुझे सीटी सुनाई नहीं देती. उस दिन भी नहीं दी थी. मैं सोच में नहीं था."

पलीकडून काही आलं नाही. मी वाट बघितली. थोडी गुरगुर झाल्यासारखी वाटली, मग तीही नाही. तो गप्प होता की बोलत होता, हे मला सांगता येईना. असं याआधी कधी झालं नव्हतं, किंवा झालं असेल तर मला कळलं नव्हतं. मी शर्वरीच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती फोनकडे बघत ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. म्हणजे तो बोलत होता, अगदी हळू आवाजात.

"काय म्हणतोय?"

तिनं माझ्याकडे तोंड केलं. "म्हणतायत, मला माहीत होतं, साहेब. त्या दिवसानंतर लाईनवर मी गाडीकडे बघतच नाही. तुमच्याकडेच बघत असतो. तुम्ही सरकलात की मग मी सरकतो."

त्यानंतर आम्ही दोनदा लाईनवर गेलो होतो. दोन्ही वेळा मला बाजूला होताना उशीर झाला होता, हे मला आठवलं. रस्तोगी दोन्ही वेळा माझ्या समोरच होता, रुळाच्या आत, येणाऱ्या गाडीकडे पाठ करून. मला वाटलं होतं की तो यंत्राजवळ उभा आहे.

मी फोन हातात घेतला, आणि मग परत शर्वरीकडे दिला, कारण पुढे तो काय म्हणेल ते तिलाच ऐकावं लागणार होतं.

"त्याला सांग," मी म्हणालो, "गुरुवारी गाडीकडे बघ म्हणावं. मी येत नाही."