वीसपैकी वीस

मी लोकांचे कान तपासते. दवाखान्यातल्या आवाजबंद खोलीत पेशंटला हेडफोन लावून बसवायचं, काचेच्या अलीकडून बारीक शिट्ट्या पाठवायच्या, ऐकू आली की त्याने हात वर करायचा. वीस वर्षं हेच करत आल्यामुळे "मला ऐकू आलं" असं कुणी नुसतं म्हटलं, तर माझा चटकन विश्वास बसत नाही.

माझा मोठा भाऊ रेडिओ स्टेशनवर ध्वनिमुद्रण करायचा. त्याच्याबरोबर तीस वर्षं काम केलेल्या तंत्रज्ञाला सगळे मौनी म्हणत, कारण दिवसभरात पाच-सहा शब्दांपलीकडे तो तोंड उघडत नसे. या मौनीने स्वतःच्या हाताने जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या व्हॉल्व्हचा एक अँप्लिफायर बांधून दादाला दिला होता. मागच्या वर्षी मौनी गेला, त्याच महिन्यात दादा निवृत्त झाला, आणि मग दिवसदिवस त्या अँप्लिफायरसमोर बसून राहू लागला.

वहिनीने मला फोन केला. "मुलाने चांगला नवा अँप्लिफायर आणून दिलाय, तर त्याला हात लावायला तयार नाहीत. म्हणतात, जुन्यात जे ऐकू येतं ते नव्यात नाही. तू कानांची डॉक्टर ना, एकदाचा काय तो निकाल लाव."

"मी डॉक्टर नाही, वहिनी."

"असशील तेवढी पुरे."

रविवारी सकाळी मी आवाज मोजायचं मीटर घेऊन गेले. दोन्ही अँप्लिफायरचा आवाज तंतोतंत सारखा केला, दोन्ही एकाच खटक्याला जोडले आणि मध्ये जाड पडदा लावला. दादा पडद्यापुढे खुर्चीत, मी पडद्यामागे. नाणं उडवायचं, छापा आला तर खटका जुन्यावर, काटा आला तर नव्यावर. मग व्हायोलिनचा तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा वाजवायचा, आणि दादाने वहीत 'जुना' किंवा 'नवा' लिहायचं. असं वीस वेळा. नुसते अंदाज बांधले तर साधारण दहा बरोबर यायला हवेत.

दादाचे वीसच्या वीस बरोबर आले.

"बघ ठमे," एवढंच तो म्हणाला. लहानपणचं माझं नाव त्याने अजून सोडलेलं नाही.

मी ते हसण्यावारी नेलं, पण डोक्यातून जाईना. जुन्याची किंचित घरघर येत असेल, म्हणून पुढच्या रविवारी मी दादाला न सांगता एक गंमत केली. जुन्याच्या तारा काढून खटक्याच्या दोन्ही बाजू नव्यालाच जोडल्या. खटका कुठेही असो, आवाज नव्यातूनच येणार होता. आता फरक उरलाच नव्हता, तेव्हा ओळखणार कसा?

पुन्हा वीसपैकी वीस. नाण्याची माझी यादी आणि दादाची वही शेजारी ठेवून मी तीनदा ताडून पाहिली.

"दादा, आज जुना जोडलेलाच नव्हता."

तो दचकला नाही.

"तुला खरं सांगतो. व्हायोलिन सुरू व्हायच्या आधी कुणीतरी श्वास घेतं. नाकाने, ओढून. तसा आला की मी 'जुना' लिहितो. मौनीची सवय होती ती. स्टुडिओतला लाल दिवा लावायच्या आधी असाच श्वास घ्यायचा."

मला उलट हायसं वाटलं. पडद्यामागे मी होते. छापा आला की नकळत मीच तसा श्वास घेत असणार. आमच्या कामातही हे होतं. तपासणाऱ्याला उत्तर माहीत असलं की तो कुठूनतरी ते सांगून जातो. यावर उपाय एकच. उत्तर कुणालाच माहीत नको.

तिसऱ्या रविवारी मी दवाखान्यातून एक यंत्र आणलं. ते आपणच खटका निवडतं, तुकडा वाजवतं आणि कागदाच्या पट्टीवर नोंद ठेवतं. जुना तसाच बिनजोडणीचा ठेवला. पडद्यामागे कुणी नाही. मी दादाच्या शेजारी वही घेऊन बसले. म्हटलं, मला काय येतं तेही पाहू. वहिनी बाजारात गेली होती.

पहिल्या तीन वेळा काही नाही. चौथ्या वेळी व्हायोलिनच्या आधी पडद्यामागून श्वास आला. छोटा, नाकातून ओढलेला, जड काही उचलण्याआधी माणूस घेतो तसा. उभ्या माणसाच्या उंचीवरून. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता, आणि खाली टेबलाच्या पायांखेरीज काही दिसत नव्हतं.

मी 'जुना' लिहिलं.

दादाकडे पाहिलं तर त्याची पेन्सिल तशीच अधांतरी. सातव्या वेळी, नवव्या वेळी श्वास आला; तो मात्र वाट चुकलेल्या माणसासारखा पडद्याकडे बघत होता.

"आज काही येत नाही गं," तो हळूच म्हणाला.

संपल्यावर मी पट्टी ताडून पाहिली. दादाचे नऊ बरोबर होते. माझे वीस.

"किती?" त्याने विचारलं.

"नऊ."

"आणि तुझे?"

"अकरा," मी म्हणाले. तोवर दादाशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

तो म्हणाला, "म्हणजे मनाचेच खेळ सगळे." उठून त्याने स्वतःच पडदा काढला आणि घडी करून ठेवला.

आठवड्याभरात त्याने जुना अँप्लिफायर तंत्रशाळेला देऊन टाकला. वहिनीबरोबर सकाळी फिरायला जाऊ लागला. जेवायला लागला, वजन वाढलं. वहिनी मला दुवा देते. मी फोनवर हो ला हो करते आणि लवकर ठेवते. त्याच्या मित्राला ऐकायची जी एक जागा त्याला उरली होती, ती मी हिसकावून घेतली असं वाटत राहतं. खरं सांगावं असं दहादा ठरवलं. पण सांगून त्याला परत ऐकू येणार होतं थोडंच?

परवा दवाखान्यात एक आजी आल्या. पाठीचा कणा ताठ, नजर तल्लख. मी त्यांना आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन लावले, शिट्टी ऐकू आली की हात वर करा म्हणून सांगितलं. पाच-सहा शिट्ट्या झाल्या. मग त्यांनी एक कान मोकळा करून काचेवर टकटक केली. मी दार उघडलं.

"बाई, शिट्टीच्या आधी कुणी श्वास घेतं, तेव्हाही हात वर करायचा का?"

"नाही आजी," मी कसंबसं म्हटलं, "फक्त शिट्टीला."

"बरं."

दार लावून मी जागेवर बसले. बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. माझा स्वतःचा श्वास मी रोखून धरला होता. काचेपलीकडे आजींनी काही ऐकू आल्यासारखी क्षणभर मान तिरकी केली, मग माझ्याकडे पाहून 'ही शिट्टी नव्हे' अशी शांतपणे नकाराची मान हलवली आणि हात मांडीवरच ठेवला.