फक्त वर्तमानकाळ

फ्रेंचच्या वर्गात किल्लीवाले काका बाकावरून उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "झे युन फाम."

मला बायको आहे.

"छान," बाई म्हणाल्या. "आता तिच्याविषयी एखादं क्रियापद."

"एल शाँत." ती गाते.

शेजारी बसणाऱ्या नर्सने वळून पाहिलं. "काकू गातात? बोलला नाहीत कधी!"

काका नुसतेच हसले आणि खाली बसले.

बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. दोन महिन्यांपूर्वी ते या वर्गाचं अडकलेलं कुलूप दुरुस्त करायला आले, ते काम संपल्यावरही दारातच रेंगाळले. आत मोठी माणसं एकमेकांना विचारत होती, तू कुठे राहतोस, सकाळी काय खातोस, तुला काय आवडतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नाव घातलं.

फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही हे कळलं, त्या दिवशी वर्गात नुसता गोंधळ झाला. टेबल बाई, घर बाई, पलंग मात्र पुरुष. कुलूपही बाई आणि किल्लीही बाई निघाल्यावर नर्स म्हणाली होती, "काका, जन्मभर बायकांच्याच भांडणात पडलात की!" घरी जाऊन ते त्या वाक्यावर एकटेच हसले होते. मग सवयीने ते सांगायला आतल्या खोलीकडे वळले होते.

वर्गात भूतकाळ अजून आला नव्हता. त्यामुळे इथे ती रोज गात होती, चहा पीत होती, बाजारात जात होती. यात आपण खोटं बोलतोय असं त्यांना कधी वाटलं नाही.

आज सुटता सुटता नर्स म्हणाली, "शुक्रवारी शेवटचा तास. सगळे घरच्यांना आणणारेत. काकूंना आणाच हं. त्यांचं गाणं ऐकायचं म्हणून मी ड्यूटी बदलून घेतलीय."

काकांनी वहीचं पान उगाच सरळ केलं. एकेक करून सगळे बाहेर पडले. ते जागेवरून उठले नाहीत.

"बाई, 'गात होती' कसं म्हणायचं?"

"भूतकाळ पुढच्या वर्गात, काका. आत्ता घेतला तर गोंधळ उडेल."

"एवढं एकच सांगा."

फळा पुसणारा बाईंचा हात थांबला. त्यांनी कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं आणि हलकेच वाचलं, "एल शाँते."

"एवढाच फरक?"

"एवढाच."

त्यांनी ते वहीत उतरवलं. मग ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं; दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.

दारात नर्स कधीची उभी होती. विसरलेला डबा न्यायला ती परत आली होती. डबा बाकावरच राहिला. ती काकांच्या शेजारी येऊन बसली.

"काका," तिने विचारलं, "काय गायच्या काकू?"